मोटर चालू, तरी तारा आयपीसमधून निसटतो: सातारा-सांगलीच्या अक्षांशावर इक्वेटोरियल माउंटची तपासणी

हा मजकूर ११४ ते १५० मिलिमीटरची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण किंवा भिंगाची लहान दुर्बीण ईक्यू-२, ईक्यू-३, ईक्यू-५ अशा इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती नळी फिरवणाऱ्या बैठकीवर, लावणाऱ्यांसाठी आहे. तक्रार जवळपास नेहमी एकच असते: तारा आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मधोमध आणला, मोटर लावली, आणि तरी तो राहत नाही. दोष लगेच मोटरवर जातो आणि माउंट खोलला जातो. खरे तर मोटर ही यादीतली शेवटची संशयित आहे. क्लच (अक्षाची पकड), स्विच, तोल आणि ध्रुवाकडची दिशा या चार गोष्टी नीट झाल्या, तर बहुतेक माउंट पाना न लावताच सुधारतात.

लक्षणे

आपल्या दुर्बिणीचे लक्षण यांपैकी कोणते, ते आधी ठरवा. एकाहून जास्त असू शकतात.

- तारा साधारण मिनिटभरात बाहेर जातो.
- तारा अर्ध्या मिनिटातच जातो, म्हणजे मोटर बंद असतानापेक्षाही लवकर.
- दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू सरकतो, दर वेळी त्याच बाजूला, वर किंवा खाली.
- थोडा पुढे, थोडा मागे डोलतो, पण आयपीसमध्येच राहतो.
- काही वेळ स्थिर, मग एकदम उडी.
- पूर्वेचे तारे नीट टिकतात, पश्चिमेकडे वळल्यावर बिघडते, किंवा उलट.
- मोटरचा आवाज मध्येच जड होतो, ती अडखळते किंवा थांबते.
- क्लच सैल केला की नळी धाडकन कलंडते.
- फोकसच्या नॉबला हात लावला की चित्र बराच वेळ थरथरते.

आधी घड्याळ लावा

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मे निदान इथेच होते. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा घ्या. हिवाळ्यात मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी कोणताही किंवा प्रश्वा, पावसाळा सरल्यावर संध्याकाळी श्रवण. ध्रुवाजवळचा तारा नको, तो मुळातच सावकाश सरकतो आणि फसवतो.

६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ६.५ मिलिमीटरचा आयपीस लावला की १०० पट वर्धन मिळते. साध्या आयपीसमध्ये तेव्हा सुमारे अर्धा अंश, म्हणजे ३० कला आकाश दिसते. मध्यापासून कडेपर्यंत १५ कला. आकाश तासाला १५ अंश फिरते, म्हणजे मिनिटाला १५ कला. आता वेळ वाचा.

एका मिनिटात तारा कडेला गेला, तर अक्ष अजिबात फिरत नाही. मोटरचा आवाज येत असला तरी तिची गती नळीपर्यंत पोहोचत नाही.

अर्ध्या मिनिटात गेला, तर मोटर उलटी फिरते आहे.

दहा-बारा मिनिटांत उत्तर किंवा दक्षिण बाजूने गेला, तर माउंटचा अक्ष ध्रुवापासून निदान ५ अंशांच्या आसपास चुकला आहे. तेवढ्या चुकीला सरकण्याचा वेग जास्तीत जास्त तासाला ७८ कला होतो. चूक ०.६ अंशाचीच असेल तर तासाला ९ ते १० कला, म्हणजे तारा कडेला पोहोचायला दीड तास लागतो. त्यामुळे मिनिटभरात तारा जात असेल तर पोलर अलाइनमेंटच्या, म्हणजे अक्ष ध्रुवावर रोखण्याच्या, मागे रात्र घालवू नका.

१४४ दात्यांचे वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांची वर्म आणि ती फिरवते ते दात्यांचे चाक) असलेल्या माउंटवर तारा साधारण १० मिनिटांच्या फेऱ्याने पूर्व-पश्चिम डोलत असेल, तर ती वर्मची आवर्ती चूक आहे. २३ तास ५६ मिनिटांना १४४ ने भागले की हा आकडा येतो. डोळ्यांनी बघायला ती अडचण नाही, आणि तोल बदलून ती जातही नाही.

पहिली तपासणी: क्लच, स्विच, सेल

आरए अक्षाचा, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या आणि मोटर फिरवते त्या अक्षाचा, क्लच बोटांनी पुरता आवळा. पक्कड लावू नका. क्लच सैल असला की मोटर आतले चाक फिरवते आणि नळी जागीच राहते. काही छोट्या मोटरना स्वतःचा वेगळा क्लच किंवा खटका असतो, तोही लावलेला हवा. हाताने फिरवायची स्लो मोशन दांडी मोटरच्या बाजूला अडकून राहिली नाही ना, ते बघा.

कंट्रोलरवर किंवा मोटरच्या डब्यावर उत्तर आणि दक्षिण गोलार्धाचा स्विच असतो, त्यावर एन आणि एस लिहिलेले असते. आपल्याला एन हवे. पिशवीतून काढता-घालताना तो सरकतो आणि अर्ध्या मिनिटात तारा पळण्याचे लक्षण दिसते. वेगाचे बटण तारकीय गतीवर, म्हणजे १ पटीवर असल्याची खात्री करा.

सेल मोजायचे ते मोटर चालू ठेवून. चार मोठ्या सेलचा पुरवठा ६ व्होल्टचा असतो. मोटर फिरत असताना आकडा ५ च्या खाली जात असेल तर चारही सेल एकदम बदला, नवे-जुने मिसळू नका. बंद मोटरवर घेतलेले माप फसवे असते, कारण दमलेला सेलसुद्धा भार नसताना चांगला आकडा दाखवतो. ६ व्होल्टच्या कंट्रोलरला गाडीची १२ व्होल्टची बॅटरी जोडू नका आणि धन-ऋण उलटे करू नका. बोर्ड जळतो, आणि त्याची किंमत सेलच्या कितीतरी पट असते.

दुसरी: पाय कुठे टेकले आहेत

कृष्णाकाठच्या काळ्या रानात ट्रायपॉडचे पाय तासाभरात रुततात. तिन्ही पाय सारखे रुतत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला नीट असलेला अक्ष रात्री कलतो. प्रत्येक पायाखाली फरशीचा किंवा जाड फळीचा वीतभर तुकडा ठेवा. सड्याच्या कातळावर उलट अडचण असते. टोकदार पाय घसरतात, तिथे रबराच्या टोप्या लावा. कासच्या पठारावर फुलांच्या भागात पाय रोवू नका. रस्त्याकडेची कठीण जागा बघा, ती दुर्बिणीलाही बरी. चाळकेवाडीसारख्या ठिकाणी पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथे वाऱ्याच्या आडोशाला गाडी उभी करा आणि पाय पूर्ण आखूड ठेवा.

नळीला हलकी टिचकी मारून बघा. थरथर दोन-तीन सेकंदांत थांबली तर ठीक. पाच सेकंदांच्या वर गेली तर पायांच्या पकडी, मधली थाळी, डोव्हटेलचा (नळी माउंटच्या खाचेत बसवणाऱ्या पट्टीचा) स्क्रू आणि नळीच्या कड्या या क्रमाने आवळा. उडी मारणारा तारा बहुधा इथेच सापडतो: कडीत नळी किंवा खाचेत डोव्हटेल किंचित सरकत असते.

पाणसळीने पातळी बघा, पण त्यावर अर्धा तास घालवू नका. अक्ष ध्रुवाकडे असेल तर थोडी तिरकी तिपाईही चालते. पातळी हवी ती यासाठी, की उंची आणि दिशा यांचे स्क्रू एकमेकांची कामे बिघडवू नयेत.

तिसरी: तोल

इथे घाई करू नका. तोल बिघडलेला असला की मोटर नळी फिरवण्याऐवजी ती उचलत बसते, क्लच घसरतो, दाते एका बाजूने झिजतात. चांगली मोटर दिवस-दिवस वाईट तोलावर चालवली की मग ती खरोखर बिघडते.

जोडताना आधी नळीचा भार तोलणारे वजन त्याच्या दांडीवर, मग नळी. काढताना आधी नळी, मग वजन. दांडीच्या टोकाचा सुरक्षेचा स्क्रू कधीही काढून ठेवू नका. तो नसेल आणि वजनाचा स्क्रू सैल झाला, तर तीन-साडेतीन किलोचे लोखंड थेट पायावर येते.

दिवसा सराव करत असाल तर नळीचे आणि फाइंडरचे (तारा शोधायच्या छोट्या दुर्बिणीचे) झाकण लावलेलेच ठेवा. नळी सूर्याच्या आसपासही नेऊ नका. फाइंडरमधून सूर्य दिसला तरी डोळा जातो.

तोल करायचा तो निरीक्षणाच्या वेळी असेल तसा. आयपीस, फाइंडर, मोबाइलची पकड किंवा कॅमेरा, सगळे जागेवर, झाकण काढलेले, फोकस साधारण वापराच्या ठिकाणी. रिकाम्या नळीचा तोल करून नंतर पाऊण किलोचा कॅमेरा लावला, तर केलेले काम वाया जाते.

आता दांडी आडवी करा. एक हात नळीवर ठेवूनच आरए क्लच सैल करा. नळी खाली जात असेल तर वजन दांडीच्या टोकाकडे, वजन खाली जात असेल तर आत सरकवा. ढोबळ तोल झाला की दांडी आडवी असतानाच आरए पक्का करा. मग नळी आडवी धरून डेक क्लच, म्हणजे आरएला काटकोनात असलेल्या दुसऱ्या अक्षाचा क्लच, सैल करा आणि नळी कड्यांत किंवा डोव्हटेलवर पुढे-मागे करा. ही सरकवासरकवी करताना आरए आवळलेलाच हवा. डेक जमला की परत आरएकडे या आणि वजन बारकाईने लावा.

शिखर शिंगणापूरच्या कावडीला जो नियम लागू, तोच इथे: वजन गुणिले अंतर. कड्यांसकट नळी ५ किलो आणि तिचा मध्य आरए अक्षापासून १६ सेंटिमीटर, तर गुणाकार ८०. ३.४ किलोचे वजन मग अक्षापासून २३.५ सेंटिमीटरवर लागते. त्याच अंतरावर ०.७ किलोचा कॅमेरा वाढला की गुणाकार ९१.२ होतो आणि वजन २६.८ सेंटिमीटरवर न्यावे लागते. सव्वातीन सेंटिमीटरचा फरक. दांडीवर रंगीत चिकटपट्टीने दोन खुणा करा, एक आयपीससाठी, एक कॅमेऱ्यासाठी. पुढच्या वेळी अंधारात अंदाज करावा लागत नाही.

स्वस्त माउंटचे घट्ट ग्रीस तोल लपवते. क्लच सोडला तरी नळी हलत नाही आणि तोल झाल्याचा समज होतो. अशा वेळी वजन बाहेर सरकवत न्या, दांडी जिथे जेमतेम खाली जाऊ लागते तिथे खूण करा. मग आत सरकवत न्या, नळी जिथे जेमतेम खाली जाऊ लागते तिथे दुसरी खूण. खरा तोल या दोन खुणांच्या मधोमध असतो. हीच रीत डेकलाही लागू आहे.

न्यूटोनियनमध्ये आणखी एक दिशा राहून जाते. फोकसर आणि फाइंडर नळीच्या एका अंगाला असतात. त्यामुळे नळी आडवी असताना तोल अचूक असतो, आणि डोक्यावरच्या ताऱ्याकडे उभी केली की डेक घसरतो. आरए पक्का ठेवून नळी उभी करून डेक क्लच सैल करा. ती कलत असेल तर कड्या सैल करून नळी स्वतःभोवती थोडी फिरवा, म्हणजे फोकसरचा भार कड्यांच्या वरच्या किंवा डोव्हटेलच्या बाजूला येईल. डोळा लावायला थोडे अवघड झाले तरी चालेल.

पूर्व-पश्चिम फरकाचे लक्षण इथे सुटते. तोल अगदी अचूक असला की वर्म आणि चाकाच्या दातांमधल्या फटीत नळी मोकळी हलते आणि तारा उड्या मारतो. म्हणून फोटोसाठी पूर्वेची बाजू जराशी जड ठेवतात, म्हणजे दाते सतत एकाच बाजूने टेकलेले राहतात. पूर्वेचे आकाश बघताना नळी माउंटच्या पश्चिमेला आणि वजन पूर्वेला असते, तेव्हा वजन अर्धा ते एक सेंटिमीटर बाहेर. पश्चिमेचे आकाश बघताना नळी पूर्वेला येते, तेव्हा वजन तेवढेच आत. म्हणजे बाजू पालटली की वजनही हलवायचे. हे विसरले की एका बाजूला छान आणि दुसऱ्या बाजूला बिघाड असे दिसते. नुसते डोळ्यांनी बघायचे असेल तर साधा सारखा तोल पुरतो.

लोंबकळणारी केबलही तोल बिघडवते. ती नळीला आणि मग माउंटच्या डोक्याला बांधा, मध्ये हातभर ढील ठेवा.

चौथी: दांडी किंवा नळी कुठे आपटते का

आपल्याकडे हा दोष जास्त दिसतो, कारण अक्षांश कमी. साताऱ्याचा अक्षांश १७.७ अंश, सांगलीचा १६.९. माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा पडतो, आणि दांडी खाली आली की तिचे टोक किंचित उत्तरेला, थेट उत्तरेकडच्या पायाच्या दिशेने जाते. ध्रुवाजवळचे किंवा पूर्व-पश्चिम क्षितिजाकडचे तारे बघताना वजन पायाला टेकते, मोटर जोर लावत राहते आणि आवाज जड होतो.

बाहेर ठेवलेल्या एका वजनाऐवजी दोन वजने अक्षाच्या जवळ ठेवा. गुणाकार तोच राहतो, पण दांडी आखूड लागते. माउंट आणि तिपाई यांच्यामध्ये छोटा खांब घालता येत असेल तर आणखी बरे. उत्तरेला पाय न ठेवता दोन पायांमधली मोकळी जागा ठेवण्याचा उपाय काही जण करतात. त्याने वजनाला वाट मिळते, पण याच अक्षांशावर सगळा भार उत्तरेकडे झुकलेला असतो आणि तिपाई कलंडू शकते. जड नळीसाठी हे करू नका.

डोक्यावरच्या भागात लांब नळी मागून पायाला लागते. तारा याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ) ओलांडू लागला की नळी दुसऱ्या बाजूला पालटून घ्या. निरीक्षणाआधी क्लच सोडून हाताने सगळ्या दिशांना एक फेरी मारली की आपटण्याच्या जागा कळतात.

पाचवी: ध्रुवाकडे अक्ष

ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, म्हणजे साताऱ्यात सुमारे पावणेअठरा अंश, सांगलीत सतरा. हे फार खाली आहे. साताऱ्यात १० मीटर उंचीची इमारत ३१ मीटरच्या आत असेल तर ती ध्रुव झाकते. सांगली-मिरजेच्या बाजूला ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, त्या धुरातही तो हरवतो. कार्तिक-मार्गशीर्षाच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा त्यांतल्या क्रतू-पुलहाची ध्रुवाकडे नेणारी रेघ उपयोगी नाही. शर्मिष्ठेवरून शोधा.

उंचीचा कोन आधी लावा. माउंटवरची अंशांची पट्टी ढोबळ असते, दोन-तीन अंश सहज चुकते. नळी ध्रुवअक्षाला समांतर करा, म्हणजे दांडी खाली आणि डेक ९० अंशावर. मोबाइलवरचे कोनमापक नळीवर लांबीच्या दिशेने ठेवा. साताऱ्यात १७.७, सांगलीत १६.९ वाचेपर्यंत उंचीचे स्क्रू फिरवा. समोरासमोरच्या दोन स्क्रूंपैकी आधी एक सैल, मग दुसरा घट्ट. दोन्ही एकदम आवळले की स्क्रू वाकतो किंवा त्याचे आटे जातात. आपल्या अक्षांशावर भार उचलून धरणाऱ्या स्क्रूवर जास्त ताण येतो, म्हणून उंची बदलताना नळी आणि वजने उतरवा, निदान दुसऱ्या कोणाला तरी भार हाताने उचलून धरायला सांगा.

दिशेसाठी होकायंत्र ढोबळ कामापुरते. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत आपल्या भागात साधारण एका अंशाच्या आतच फरक आहे, पण बेसॉल्टच्या कातळात चुंबकीय खनिज असते, गच्चीत लोखंडी सळया असतात आणि माउंटची वजनेही लोखंडाची. सुई कितीही फसू शकते.

ध्रुव दिसत नसेल तर गच्चीवर दुपारच्या सावलीने उत्तर-दक्षिण रेघ आखून ठेवा. ओळंबा टांगा. सूर्य याम्योत्तरावर असतो त्या क्षणी दोरीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. तो क्षण बाराचा नसतो. साताऱ्यात सरासरी १२ वाजून ३४ मिनिटे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४८ च्या आसपास. सांगलीत यापेक्षा दोनेक मिनिटे आधी. त्या दिवशीच्या सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळांचा मध्य काढला तरी हीच वेळ येते. पंचांगातल्या वेळा मुंबईच्या असतील तर साताऱ्यासाठी साडेचार आणि सांगलीसाठी सात मिनिटे वजा करा. डिसेंबरात हे काम करा, सावली लांब मिळते. तेव्हा एका मिनिटाच्या चुकीने सुमारे एक तृतीयांश अंश फरक पडतो, तेवढा चालतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा सावलीच पडत नाही. ही रेघ तेलरंगाने पक्की करा आणि तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागाही रंगवा.

ध्रुवतारा दिसत असेल तर अक्ष थेट त्याच्यावर ठेवा. खरा ध्रुव त्याच्यापासून सुमारे ०.६ अंश दूर आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासापेक्षा थोडा जास्त. बघण्यासाठी ही चूक क्षुल्लक आहे.

फोटोसाठी किंवा ध्रुव झाकलेला असेल तर ताऱ्याच्या सरकण्यावरून दुरुस्ती करा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेआठच्या सुमारास सोय चांगली असते: मृगाचे बाण याम्योत्तरावर, मघा पूर्वेला. आधी आयपीसमधली उत्तर ओळखा. नळी किंचित उत्तरेकडे ढकलली की ज्या कडेने नवे तारे आत येतात, ती उत्तर. आता मोटर लावून बाणातला तारा बघा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला आहे, पश्चिमेकडे वळवा. उत्तरेकडे सरकला तर उलट. सरकणे थांबले की मघाकडे जा. ती दक्षिणेकडे सरकली तर अक्ष खाली आहे, वर करा. उत्तरेकडे सरकली तर खाली घ्या. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे या वेळी लक्ष देऊ नका. दर दुरुस्ती थोडी, आणि तिच्यानंतर पाच मिनिटे थांबा.

गोटू माउंट (हँडसेटवर नाव दिले की स्वतः ताऱ्याकडे वळणारा) असेल आणि तो दर वेळी भलतीकडेच जात असेल, तर दोष बहुधा भरलेल्या माहितीत असतो. १७.६८ अंश म्हणजे १७ अंश ६८ कला नव्हे, १७ अंश ४१ कला. सांगलीसाठी १६ अंश ५१ कला. रेखांश साताऱ्याला ७४ अंश ० कला, सांगलीला ७४ अंश ३४ कला, दोन्ही पूर्व. वेळक्षेत्र अधिक ५.३०, डेलाइट सेव्हिंग बंद. काही हँडसेट आधी महिना आणि मग तारीख मागतात, आधी रेखांश आणि मग अक्षांश मागतात.

सहावी: पाना हातात घ्यायचा असेल तर

वरचे सगळे करूनही तारा मिनिटभरात जात असेल, तर मोटरच्या चाकाला वर्मच्या दांडीशी जोडणारा बारीक स्क्रू बघा. मोटर फिरते, चाक फिरते, पण दांडी फिरत नाही, असे टॉर्चच्या उजेडात सरळ दिसते. अॅलन कीने तो दांडीच्या सपाट बाजूवर टेकवून आवळा. मोटरचे आणि वर्मचे चाक फार घट्ट दाबले असेल तर मोटर अडखळते. दोन दात्यांमध्ये साध्या कागदाची जाडी मावेल एवढी फट ठेवून मोटर पुन्हा बसवा.

क्लचमध्ये तेल सोडू नका. शिलाई मशीनचे तेल किंवा गंज काढायचा फवारा आत गेला की क्लच कायमचा घसरू लागतो, आणि आतले ग्रीस पातळ होऊन बाहेर येते. पावसाळ्यात माउंट पिशवीत कोंडून ठेवला तर दांडीला आणि स्क्रूंना गंज चढतो. कोरड्या फडक्याने पुसून हलका लिथियम ग्रीसचा हात पुरतो, तोही फक्त बाहेरच्या आट्यांना.

इथे थांबा

तोल बरोबर, क्लच घट्ट, आणि तरी नळीचे टोक हाताने हलवल्यावर अक्षात खटखट जाणवत असेल, तर वर्म आणि चाकातली फट वाढलेली आहे. ती जुळवायचे स्क्रू बारीक असतात आणि पाव फेऱ्याची चूकही अक्ष जाम करते. ज्याने आधी असा माउंट उघडून जुळवला आहे, त्याच्याकडेच द्या. दर फेऱ्यात एकाच जागी अडकत असेल तर दाता तुटलेला किंवा वर्म वाकलेली असू शकते, मोटर पुढे चालवू नका. कंट्रोलर गरम होतो, जळका वास येतो किंवा नवे सेल तासाभरात संपतात, तर पुरवठा तोडा आणि ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. माउंटच्या ओतीव भागाला तडा दिसला तर दुर्बीण लगेच उतरवा. तो डिंकाने किंवा वेल्डिंगने जोडायचा भाग नाही.

उंचीचा स्क्रू वाकला असेल किंवा आटे गेले असतील, तर हे काम मात्र गावातच होते. सातारा, मिरज किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर स्टेनलेसचा नवा स्क्रू करून मिळतो. जुना स्क्रू सोबत न्या, व्यास आणि आट्यांमधले अंतर त्याच्यावरूनच मोजू द्या, आणि टोक गोलसर करून घ्या, म्हणजे ते ओतीव भागात खड्डा पाडत नाही.

दुरुस्तीला देताना नुसते "चालत नाही" असे सांगू नका. कोणता तारा, कोणता आयपीस, किती वेळात आणि कोणत्या बाजूला गेला, मोटर चालू असताना किती व्होल्ट होते, आवाज कोणत्या स्थितीत बदलला, हे कागदावर लिहून माउंटसोबत द्या. वजने, दांडी आणि मोटरची केबलही पाठवा. त्यांच्याशिवाय दुरुस्त करणाऱ्याला भाराखालचा दोष दिसणारच नाही.